बादली की पाइप

लातुरात बाईमाणसाचं निम्मं आयुष्य पाणी भरण्यात जातं, असं शिवकन्याबाई नेहमी म्हणायच्या. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हापासून नळ कधी येणार यावर घरातलं सगळं ठरत आलं होतं: पाहुणे कधी बोलवायचे, गोधड्या कधी धुवायच्या, डोक्यावरून कधी न्हायचं. नळ आला की टाकी, पिंप, घागरी, बादल्या, अगदी कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवायचं. वनस्पतिशास्त्र घेऊन त्या बी.एस्सी. झाल्या होत्या, प्रथम श्रेणीत. पण ते शास्त्र त्यांनी पुढे कुठे वापरलं असेल तर ते तुळशीला कीड लागल्यावर. नवरा गुरुलिंगअप्पा मोंढ्यावरच्या धान्याच्या आडतीत, मुलं पुण्याला, आणि घरात त्या आणि सासूबाई कमलम्मा, एवढाच संसार उरला होता.

त्यामुळे मातीविना, थोडक्या पाण्यात भाजी पिकवायचं तंत्र त्यांनी मोबाइलवर पाहिलं तेव्हा त्या हरखून गेल्या. पाणी वाया जात नाही, तेच तेच फिरत राहतं, आणि गच्चीवर हिरवंगार! हे आपल्यासाठीच निघालंय, असं त्यांना वाटलं.

त्याच हिवाळ्यात गावात कृषी प्रदर्शन भरलं. महिला मंडळाच्या अध्यक्षा केवळाबाई आणि आणखी दोघीतिघी बरोबर होत्या. मातीविना शेतीच्या स्टॉलवर एक तरुण उभा होता. त्यानं विचारलं, "मॅडम, आधी कधी केलंय का?"

"न्हाई. पहिल्यांदाच."

"मग ही घ्या." त्यानं एक पांढरी झाकणाची बादली पुढे सरकवली. झाकणाला भोकं, भोकांत जाळीचे कप, कपांत पालकाची रोपं. "खाली खताचं पाणी आहे. मोटर नाही, लाइट लागत नाही. रोप पाणी पीत जाईल तशी पातळी खाली जाते आणि वरच्या मुळांना हवा मिळते. सावलीला ठेवायची, बस्स. शिकायला हीच बरी."

केवळाबाई मागून हसल्या. "अगं, ही तर बादलीच की! न्हाणीत असते तसली!"

सगळ्या हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण शिवकन्याबाईंना ते झोंबलं. आयुष्यभर बादल्याच भरल्या, आता हौस करायची तीही बादलीतच? शेजारीच लोखंडी मांडणीवर पांढऱ्या पाइपांची उतरंड होती. एका पाइपातून दुसऱ्या पाइपात पाणी झुळझुळत उतरत होतं, भोकाभोकांतून पानं डोलत होती. कुठल्या तरी प्रयोगशाळेत शोभावी अशी.

"ही द्या," त्या म्हणाल्या.

तरुण जरा घुटमळला. "मॅडम, हिला मोटर सतत चालू लागते. पाइपात पाण्याचा नुसता पातळ थर असतो. मोटर बंद पडली की मुळं उघडी पडतात. आणि आपल्याकडचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे..."

"मी बॉटनीची आहे," शिवकन्याबाई म्हणाल्या. त्या मुलानं पावतीपुस्तक काढलं.

हिवाळा संपेपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. पालक आली, पुदिना आला, कोथिंबिरीचा वास जिन्यापर्यंत यायचा. शिवकन्याबाई रोज फोटो काढायच्या आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकायच्या. 'आमच्या गच्चीवरची शाळा' असं त्या खाली लिहायच्या. बायका अंगठे, फुलं पाठवायच्या. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, तू तर शास्त्रज्ञ झालीस!" हा एक शब्द त्यांनी कितीतरी दिवस मनात घोळवला.

पाडवा झाला आणि ऊन तापू लागलं. एके दिवशी त्या औशाला लग्नाला गेल्या होत्या. दुपारी लाइट गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. परत येऊन गच्चीवर गेल्या तर सगळी पानं उकडल्यासारखी पाइपांवर पडलेली. मोटर चालू केल्यावर निम्मी उठली, पण ती नुसती म्हणायला. पाइपांखालच्या टाकीत हात घातला तर पाणी आंघोळीचं असावं तसं कोमट. हळूहळू मुळं तपकिरी झाली, बुळबुळीत झाली, त्यांना गटारीसारखा वास यायला लागला. बोअरच्या जड पाण्यानं मोटरीवर पांढरी खपली धरली. त्यांनी पुन्हा बी टाकलं. कोंब आले आणि माना टाकून बसले.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ग्रुपवर जुनेच फोटो टाकत राहिल्या. एकदा केवळाबाईंनी विचारलं, "उन्हात तग धरतात का हो?" तर त्यांनी लिहिलं, 'व्यवस्थित!' आणि पुढे हसरा चेहरा.

मग केवळाबाईंनी जाहीर केलं की मंडळ शिवकन्याबाईंच्या गच्चीला भेट देणार. निलंगा, औसा इथल्या शाखांच्या बायकाही येणार.

त्या दिवशी सकाळीच शिवकन्याबाई गोलाईतल्या भाजीबाजारात गेल्या आणि मुळासकट पालकाच्या जुड्या निवडून घेऊन आल्या. मोरीत बसून एकेक मूळ धुतलं. मोरीतलं पाणी काळं झालं. मग जाळीच्या कपांत मातीच्या भाजलेल्या गोळ्या घालून एकेक रोप त्यात उभं केलं. हात सराईतपणे चालत होते, आणि ह्याचंच त्यांना नंतर जास्त वाईट वाटलं.

कमलम्मा मोरीच्या दारात आल्या. ऐंशीच्या घरातली बाई, गुडघे गेलेले, पण नजर शाबूत. "पालक आणली व्हय?"

"हो आत्याबाई."

"लई आणलीस."

एवढंच बोलून त्या पूजेला जाऊन बसल्या.

बायका आल्या. गच्ची भरून गेली. कुणी पानांना हात लावून बघत होती, कुणी सेल्फी काढत होती. त्यांच्यात दामिनी होती. दामिनी म्हणजे शिवकन्याबाईंच्या थोरल्या बहिणीची, गुरम्माची मुलगी. गुरम्मा गेली तेव्हा पोर शाळेत होती. तिचं पुढचं शिक्षण, लग्न, सगळं शिवकन्याबाईंनीच उभं राहून केलं होतं. निलंग्याला दिली होती. शेतीवाडीचं, शिस्तीचं घर. दामिनीनं तिथं कधी काही मागितलं नव्हतं.

केवळाबाईंनी हौसेनं कमलम्मांनाही वर आणलं, खुर्ची दिली. कमलम्मांचा शब्द गल्लीत प्रमाण होता. दोन घरांत तंटा झाला तर लोक म्हणायचे, कमलम्माला विचारा, ती खोटं बोलायची न्हाई. केवळाबाई सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाल्या, "कमलम्मा, तुम्ही सांगा खरं! सुनेची ही बिनमातीची पालक तुम्ही खाता का?"

कमलम्मांनी पाइपांकडे पाहिलं, मग सुनेकडे. सुनेनं मान खाली घातली.

"रोज खाते की," कमलम्मा म्हणाल्या. "लई कवळी हाय."

टाळ्या पडल्या. त्या गलक्यातच दामिनी पुढे आली. डोळे चमकत होते तिचे.

"मावशी, मला पण करायचंय. घरी विचारलंय, हो म्हणालेत. पहिल्यांदाच करणार म्हणून मी बादलीची घेणार होते, लाइटीचं काही खरं नाही ना आमच्याकडं. पण हे बघून... तू सांग. कोणती घेऊ?"

सगळ्या ऐकत होत्या. शिवकन्याबाईंना तेव्हा एक शब्द पुरला असता. बादली. नुसतं बादली म्हटलं असतं तरी चाललं असतं, कुणाला कसला संशय आला नसता. पण केवळाबाई बघत होत्या, आणि पाइपांवर ती उसनी पालक ऐटीत उभी होती.

"पाइपाचीच घे," त्या म्हणाल्या. "बादलीत काय शिकणार तू?"

त्या संध्याकाळी उरलेल्या पालकाची भाजी केली. कमलम्मांनी भाकरी चटणीशी खाल्ली आणि पालक ताटात एका कडेला सारली. दुसऱ्या दिवसापासून त्यांची पूजा लांबली. तळहातावर इष्टलिंग घेऊन त्या इतका वेळ बसायच्या की गुरुलिंगअप्पा विचारू लागले, "अव्वा, बरं वाटेना का?"

दामिनीनं महिन्याच्या आतच पाइप बसवले. उद्घाटनाचा फोटो आला: नवरा, सासरे, सासूबाई गंगम्मा, म्हणजे तिच्या अत्ती, आणि मध्ये दामिनी, हातात कुंकवाचा करंडा. खाली लिहिलं होतं, 'मावशीच्या आशीर्वादानं.' शिवकन्याबाईंनी त्यावर हात जोडलेलं चित्र टाकलं आणि फोन पालथा ठेवला.

मग फोन यायला लागले.

"मावशी, पानं पिवळी पडायलीत."

"खत थोडं कमी कर."

"मावशी, दुपारी लाइट जाते. तुझ्याकडं जात नाही का?"

"जाते की. मी... मी वरून पाणी शिंपडते."

"मावशी, मुळांना वास येतोय."

शिवकन्याबाई मोबाइलवर शोधून काहीबाही सांगायच्या: हिरवी जाळी बांध, टाकीत बर्फाची बाटली सोड. सल्ला ऐकायला बरा वाटायचा, पण आतून त्यांना ठाऊक होतं की आपण बुडत्याला पोहायचं पुस्तक वाचून दाखवतोय. पुढे पुढे त्या फोन उचलेनाशा झाल्या. नंतर म्हणायच्या, अगं स्वयंपाकात होते. एकदा मोबाइल वाजत होता आणि त्या समोर बसून नुसत्या बघत होत्या. कमलम्मा पलीकडे वाती वळत होत्या. त्यांनीही नुसतं बघितलं.

शेवटी दामिनीनं बोलून संदेश पाठवला. शिवकन्याबाईंनी तो स्वयंपाकघरात उभ्यानंच ऐकला, आवाज मोठा आहे हे ध्यानात न घेता.

"मावशी, सगळं गेलं. तू सांगितलं तसं सगळं केलं मी. आमच्या अत्ती म्हणतात, मावशीच्या हाताला गुण हाय, तुझ्या हाताला न्हाई. खरंच असेल. तू नको वाईट वाटून घेऊ. तुझ्याकडं तर असंच पाणी, असंच ऊन, तरी येतंच ना. माझंच काहीतरी चुकतंय. आता मी यांना पुन्हा काही मागणार नाही."

संदेश संपला. गॅसवरचं दूध वर आलं, ते उतू जाऊ नये म्हणून त्यांनी बटण फिरवलं. मागे कमलम्मा उभ्या होत्या, भिंतीला धरून.

"शिवकन्या," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी खोटं बोलले. तू मान खाली घातलीस, मला बघवलं न्हाई. सुनेची इज्जत जाती म्हणून बोलले. माझं मी देवापुढं बघून घेईन. म्हातारीचं काय, आज हाय उद्या न्हाई. पण ती पोर स्वतःला दोष द्यायली. आई न्हाई तिला. तिचं काय?"

शिवकन्याबाईंना रडू आलं असतं तर बरं झालं असतं. रडू आलं नाही. अंगभर नुसती गरम लाज चढली, कानांच्या पाळ्यांपर्यंत. चूक आपली, पाप सासूच्या माथी, आणि भोग त्या पोरीला. त्यांना आठवलं, गुरम्मा दवाखान्यात असताना म्हणाली होती, पोरगी भोळी आहे, कुणी सांगेल ते खरं मानते.

"उद्या जाते," त्या म्हणाल्या.

"आजच जा. उद्या तुला जमायचं न्हाई," कमलम्मा म्हणाल्या.

निलंग्याच्या एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. त्या वाटेत वाक्यं जुळवत होत्या. 'अगं, माझीही तशी फारशी नीट येत नव्हती' असं एक वाक्य जमलं, मऊसूत, कुणालाही न लागणारं. मग त्यांनाच त्याची किळस आली. औसा मागं पडलं, दोन्ही अंगांना उसाचे फड लागले, आणि सगळी वाक्यं एकेक करून गळून गेली.

दामिनीच्या दारात गंगम्मा बसल्या होत्या, तुरीची डाळ पाखडत. "या की विहीणबाई! अचानक?" त्यांनी आत हाक दिली, "दामिनी, तुझी मावशी आली बघ!"

दामिनी धावत आली. मावशीला पाहून तिचा चेहरा उजळला आणि लगेच खजील झाला, नापास झालेलं पोर बाईंसमोर येतं तसा. "वर नको बघायला मावशी," ती म्हणाली. "काही राहिलं नाही."

पण शिवकन्याबाई वर गेल्या. पत्र्याच्या शेडशेजारी ती मांडणी उभी होती. मोटर काढून ठेवलेली. पाइपांवर ओले टॉवेल आणि एक धोतर वाळत घातलेलं. गंगम्माही जिना चढून मागोमाग आल्या.

"आता कपडे वाळवायला बरं पडतंय," गंगम्मा म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण ते हसणं दामिनीसाठी होतं. "आम्ही म्हणलं होतं, हे तुझ्यानं व्हायचं न्हाई. तुमची गोष्ट येगळी विहीणबाई. तुम्ही शिकलेल्या."

दामिनी टॉवेलाची घडी घालू लागली.

शिवकन्याबाईंना वाटलं, दामिनीला एकटीला गाठून सांगावं. त्यात काय बिघडणार होतं? पण या बाईसमोर पोरीची मान खाली गेली आहे, तर ती याच बाईसमोर वर यायला हवी.

"गंगम्मा, माझ्याकडे काहीच राहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज स्वतःलाच परका वाटला. "उन्हाळा लागला तेव्हाच सगळं कुजलं. तुमच्यासारखंच, असंच. ही आणि मंडळाच्या बायका आल्या त्या दिवशी पाइपांत जी पालक होती ती मी सकाळी गोलाईतून आणली होती. विकतची. मुळं धुऊन लावलेली."

गंगम्मांच्या कपाळावर आठी पडली, त्यांना आधी नीट उमगलंच नाही. "विकतची?"

"विकतची. प्रदर्शनात त्या मुलानं मला बादलीच घ्यायला सांगितली होती. लाइट जाते, ऊन फार, म्हणाला होता. मी ऐकलं नाही. आणि हिनं विचारलं तेव्हा, सगळं ठाऊक असून, मी हिला पाइपच घ्यायला सांगितले. हिच्या हाताला काही झालेलं नाही. हिचं काही चुकलेलं नाही."

पायऱ्यांपाशी कुठंतरी कबुतर घुमत होतं. दामिनी टॉवेल छातीशी धरून उभी होती. शिवकन्याबाईंना वाटलं होतं ती रडेल, गळ्यात पडेल, म्हणेल जाऊ दे मावशी. खरं सांगायचं तर एस.टी.त बसल्यापासून मनाच्या एका कोपऱ्यात त्यांनी हेच धरून ठेवलं होतं.

"मी रोज तुम्हाला फोन करत होते," दामिनी म्हणाली.

तुम्हाला. लहानपणापासून ती मावशीला 'तू' म्हणत आली होती.

"हो."

"तुम्ही बर्फाची बाटली टाक म्हणालात. मी शेजारून बर्फ मागून आणायचे. भर दुपारी. हे सगळे हसायचे."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं की काही उपयोग नाही."

दामिनी खाली निघून गेली. गंगम्मांना बोलायला पुष्कळ होतं, तसं तोंडावर दिसत होतं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "मग पोरीला उगंच बोललो की आम्ही." आणि पाइपांवरचं धोतर त्यांनी ओढून काढलं.

खाली दामिनीनं चहा केला. पाहुणी घरी आली तर चहा द्यायचा, म्हणून केला. कप समोर ठेवला, वर पाहिलं नाही. साखर नेहमीसारखीच कमी टाकलेली होती, मावशीला लागते तशी. शिवकन्याबाईंनी तो चहा घोटाघोटानं संपवला. आयुष्यात इतका जड चहा त्यांनी प्यायला नव्हता. दामिनी स्टँडपर्यंत सोडायला आली नाही.

मंडळात सांगणं त्यामानानं सोपं असेल असं त्यांना वाटलं, आणि ते सोपंच निघालं, नको इतकं. ग्रुपवर त्यांनी सगळं लिहिलं. कुणी हात जोडले, कुणी काहीच नाही. केवळाबाईंचा फोन आला. "अहो, एवढं काय त्यात! फोटो तर झकास आले होते. पुढच्या वर्षी पुन्हा करू." शिवकन्याबाई फोन धरून बसून राहिल्या. शिक्षा घ्यायला गेल्यावर कुणी हसून पाठीवर थाप मारावी, तसं झालं होतं. लाज त्यानं हलली नाही, उलट एकटी पडली.

कमलम्मांना त्यांनी निलंग्याला काय झालं ते सांगितलं. दामिनी 'तुम्ही' म्हणाली तेही सांगितलं. "म्हणू दे," कमलम्मा म्हणाल्या. "तिचा हक्क हाय." संध्याकाळी त्यांनी सुनेकडून पाठ चोळून घेतली. हे सुनेचंच काम, पण पूजा लांबल्यापासून त्या ते स्वतःच कसंबसं करत होत्या.

गुरुलिंगअप्पांनी पाइप उतरवून एका ओळखीच्याला देऊन टाकले. शिवकन्याबाईंनी गच्चीवर नाही, मागच्या जिन्याखाली, जिथं सकाळचं तेवढं ऊन येतं, तिथं एक झाकणाची पांढरी बादली ठेवली. बोअरचं पाणी टाळून फिल्टरचं वापरलं. आत उजेड जाऊन शेवाळ धरू नये म्हणून बाहेरून जुनी साडी गुंडाळली. चार कप, चार रोपं. एक मेलं. तीन राहिली. फोटो त्यांनी काढला नाही.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी दामिनीचा फोन आला. इतके दिवस आला नव्हता. शिवकन्याबाईंनी ओल्या हातानंच उचलला.

"मी बादली आणलीय," दामिनी म्हणाली. "अत्तींनीच आणून दिली बाजारातून. तुमच्याकडं आहे म्हणे आता. झाकणापासून पाणी किती खाली ठेवायचं? कप बुडवायचा का नाही?"

शिवकन्याबाईंच्या तोंडावर उत्तर आलं होतं, सफाईदार, मोबाइलवर वाचलेलं. त्या थांबल्या.

"रोप लहान असताना कपाचं बूड पाण्याला टेकू दे," त्या म्हणाल्या. "मूळ खाली उतरलं की पाणी आपोआप उतरतं, मग वरून भरू नको. मी एकदा भरलं, तर एक रोप मेलं. एवढंच मला माहीत आहे दामिनी. बाकीचं नाही माहीत. माझी अजून तीनच आहेत."

फोनवर मागं गंगम्मांचा आवाज ऐकू येत होता, कुणाला तरी बादली उन्हातून सरकवायला सांगत होत्या.

"बरं," दामिनी म्हणाली. "मेलेल्याचा फोटो आहे का? पाठवा."

"काढला नव्हता गं."

"पुढच्या वेळी काढा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.